पट्टीचा सांधा

दिवाळी उरकली की आमच्या दिग्रसात विजेच्या तारांना कापूस लागतो. गाड्या अशा फुगवून भरलेल्या असतात की वळणावरच्या बाभळी त्यांना ओरबाडतात, खाली झुकलेल्या तारा त्यांना चाटून जातात, आणि मग महिनाभर रस्त्यावर पांढरे पुंजके लटकत राहतात. धुळीनं ते हळूहळू भुरे होतात. तोवर जिनिंग सुरू झालेली असते. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींचा आवाज गावाबाहेरून येतो, पण मला तो पाठीच्या मणक्यात ऐकू येतो. कुठल्या जिनिंगची कुठली रांग चालू आहे, कुठल्या मशिनीची पट्टी झिजली आहे, हे मी आजही खाटेवर पडल्या पडल्या सांगू शकतो. वय पंचावन्न झालं. कान शाबूत आहेत.

यंदा आवाज सुरू व्हायच्या आधी एका जिनिंगचा मॅनेजर घरी आला. तरतरीत पोरगेलासा माणूस. म्हणाला, ‘‘काका, मुहूर्ताले या. तुमचा सत्कार ठेवला.’’

‘‘कायचा?’’

‘‘तुमच्या हाताचा. जुने लोक सांगतात नं, या मिस्त्रीच्या हातची पट्टी लावली की सरकीले ओरखडा येत नव्हता.’’

येतो म्हणालो. तो हात माझा नव्हता. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर पाहतो तर चार शब्दांचं आहे.

ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशिनीत चामड्याचा रोलर फिरतो. त्याला टेकून पोलादाची लांब पट्टी बसवलेली असते. रोलर रुई ओढून नेतो, सरकी पट्टीच्या कडेवर अडते आणि खाली गळते. पट्टी सरळ असली की सरकी अख्खी सुटते. पट्टीत केसाएवढा खळगा असला तर सरकी त्यात फसते, फुटते, आणि तिचे काळे तुकडे पांढऱ्या रुईत जातात. झिजलेल्या पट्ट्या घासून सरळ करायच्या, हा आमच्या घरचा धंदा. पुढच्या खोलीत माझी लेथ, लोखंड कातायची मशीन. मागं स्वयंपाकघराला लागून टिनाचं शेड, त्यात माझ्या थोरल्या भावानं, दादानं, नागपूरच्या भंगारातून आणलेलं सरफेस ग्राइंडर. वर दगड गरगर फिरतो. खाली टेबल, टेबलावर लोहचुंबक, चुंबकावर पट्टी. हातानं चाक फिरवलं की टेबल दगडाखालून डावीकडं जातं, उलटं फिरवलं की उजवीकडं येतं. एका खेपेत इतकं कमी निघतं की बोटाला लागलेली धूळ दिसते, पण चिमटीत येत नाही.

पट्टी मात्र टेबलापेक्षा लांब. म्हणून ती दोन मुक्कामांत घासावी लागे: आधी डावा अर्धा, मग सरकवून उजवा. दोन्ही घासण्या मधोमध भेटत. तो सांधा. सगळी कारागिरी त्या चार बोटांच्या जागेत होती. माझ्या हातानं तिथं नेहमी रेघ उठायची. दादाच्या हातानं उठत नसे.

दादा एका श्रावणात तापानं गेला. चार दिवसांचा ताप. दुःखाचं मी इथं लिहीत नाही, ते ज्याचं त्याचं. पण सीझन कोणासाठी थांबत नाही. शेडमध्ये पट्ट्यांचा ढीग, आणि मी लेथवाला माणूस. एके दिवशी दुपारी आत गेलो तर वहिनी मशिनीवर. पदर खोचलेला, डावा हात चाकावर, नजर पट्टीवर नाहीच, कुठंतरी समोरच्या टिनावर. कानानं काम चाललेलं.

‘‘वहिनी, हे काय?’’

‘‘तुमचे भाऊ जेवाले बसत, तवा मीच चालवत होती. तुम्ही लेथवर. तुमाले कुठून दिसन?’’

मी अजून काही बोलणार, तर म्हणाल्या, ‘‘दगड बोलून राह्यला नं भाऊजी, तवा आपण नाही बोलाव.’’

मी लेथवर परत गेलो. त्यानंतर सात सीझन त्या पट्ट्या त्यांनी घासल्या.

पट्ट्या न्यायला सलीमभाई यायचा. जिनिंगचा फिटर. सबंध दिग्रसात त्याच्या शब्दाला वजन. तो पट्टीच्या कडेवर स्टीलची फूटपट्टी उभी धरायचा, दोन्ही आभाळाकडं उचलायचा आणि एक डोळा मिटून मधून उजेड येतो का ते पाहायचा. वहिनींची पहिली पट्टी त्यानं तशी पाहिली, फिरवली, पुन्हा पाहिली. मग म्हणाला, ‘‘या अल्ला! उजेडाले बी जागा ठेवली नाही बे. मिस्त्री, तुह्यावाला हात भाईच्या वर गेला.’’

मी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात चहा आला, तोही वहिनींनीच आतून पाठवलेला, आणि तो पिता पिता सांगायचं राहून गेलं. अशी गोष्ट एकदा राहिली की पुढच्या वेळी आणखी जड होते, कारण आता आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागतं. हळूहळू मी चहाचा कप घेऊन ती तारीफ ऐकायला शिकलो. पुढं पुढं तर एखाद्या वेळी ती झाली नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

त्या शेडची एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. टिनाच्या खिळ्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत पडलेला, तो घासणीच्या बारीक धुक्यात काठीसारखा उभा. पट्टी गार ठेवायला साबणाचं पाणी सोडलेलं, त्याचा आंबूस वास. पलीकडं चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत घातलेल्या, त्यांचा हिरवा वास. दगडाचा आवाज एकसारखा, सुईनं रेशीम शिवावं तसा. मी लेथवरून उठून आलो की वहिनी हात न थांबवता टोमणा मारायच्या, ‘‘झाला का तुमचा वरातीतला बँड? कान किटले बाप्पा माहे. माह्यावाली पाहा, कशी शिकली-सवरली वाटते.’’ माह्यावाली म्हणजे ती मशीन. त्या तिला माझी म्हणत, आणि मला त्यात काहीच खटकत नव्हतं. खटकलं ते बाहेरच्या माणसामुळं.

कापसाची ती वर्षं वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. त्यावर लिहिणारे पुष्कळ झाले, मी भर घालत नाही. आमच्या बाजूनं सांगायचं तर मुहूर्ताचे नारळ कमी फुटायला लागले. काही जिनिंगची फाटकं दसऱ्यानंतरही बंद राहिली, आवारात कुंद्याचं गवत माजलं, आणि भंगारवाले मशिनी सुट्या करून नेऊ लागले. ज्या जिनिंग चालू होत्या त्या एकमेकींचे फिटर आणि मिस्त्री ओढत होत्या. अशात उमरखेडकडचा एक जिनिंगवाला माझं नाव ऐकून आला. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, ‘‘मिस्त्री, एक पट्टी माझ्यासमोर घासून दाखवा. मग सगळं काम तुमचंच.’’

मी लेथवरचं फडकं उचलून उगाच हात पुसू लागलो. आणि त्याच क्षणी वीज गेली. त्या काळात आम्ही लोडशेडिंगला रोज शिव्या द्यायचो. त्या दिवशी त्यानंच माझी लाज राखली. तो माणूस तासभर वाट पाहून निघून गेला. टिनाच्या मागून वहिनींनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात ठरलं की ह्या मशिनीला आपणच हात लावायचा.

लोकांना मी सांगितलं, वहिनींचा खांदा दुखतो म्हणून मशीन ऑटोमॅटिक करतो आहे. खांदा दुखत होता हे खरं. त्यासाठी मी करत नव्हतो हेही खरं. मला असा हात हवा होता ज्याच्यासाठी मला कोणाकडं पाहावं लागणार नाही.

बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून गिअर लागलेली एक मोटर उचलली. सायकलची चेन घेतली. टेबलाच्या चाकावर दातेरी चकती बसवली, मोटर, चेन, चकती अशी ओढ जमवली. टेबलाच्या दोन्ही टोकांना दोन स्विच, आणि टेबलावर लोखंडाचे दोन ठोकळे. ठोकळा स्विचला लागला की मोटर उलटी फिरणार, टेबल परतणार. उन्हाळ्याचे दोन महिने मी त्या शेडमध्ये काढले. टिन असं तापायचं की पान्याला हात लावताना फडकं घ्यावं लागे. दोनदा वायरिंग जळलं, एकदा चेन तुटून माझ्या मनगटावर बसली. तिसऱ्या आठवड्यात टेबल जायचं पण परतायचं नाही. मग परतायचं पण थांबायचं नाही. आणि एक दिवस खट् असा आवाज झाला, टेबल टोकाला गेलं, क्षणभर थबकलं, आणि आपलं आपण परत आलं. पुन्हा खट्. पुन्हा गेलं. मी स्टुलावर बसून नुसता पाहत राहिलो. चूक कबूल करायला बसलेल्या माणसानं असं लिहू नये, पण त्या दिवसाएवढा सुखी मी आयुष्यात क्वचितच झालो. मशीन चांगली केली होती मी. आजही म्हणतो.

वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. चार-पाच खेपा पाहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हे दर खेपेले एकाच जागी परतून राह्यलं.’’

‘‘तेच तं पाहिजे, वहिनी. केसाचा फरक नाही.’’

‘‘मले काय समजते मशिनीतलं. पण मी तशी नाही परतत. कधी बोटभर अलीकडं, कधी बोटभर पलीकडं. एकाच जागी पाय पडले तं वावरात पायवाट पडते.’’

मी हसलो. ‘‘वहिनी, आता तुमी आराम करा.’’

त्यांनी मशिनीकडं एकदा पाहिलं आणि आत गेल्या. त्या सीझनच्या सगळ्या पट्ट्या मी त्या मशिनीवर घासल्या. एकही वहिनींच्या हातची नव्हती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे बोललो ते नेमकं याच्या उलट होतं.

मुहूर्त होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळची वेळ. वहिनी आत भाकरी थापत होत्या. सलीमभाई सायकलवरून आला तोच तापलेला. सोबत जिनिंगचा तेव्हाचा मॅनेजर आणि दोन फिटर. पोत्यात गुंडाळलेली पट्टी त्यानं माझ्या लेथवर आदळली.

‘‘हे काय केलं बे? सरकी फुटून राह्यली, ऐन बीचोबीच. सगळ्या पट्ट्यांचं हेच. रुई काळी झाली, मालक मले फाडून खाऊन राह्यला.’’

मी फूटपट्टी लावली, आभाळाकडं धरली. मधोमध, सांध्यावर, उजेडाची एक बारीक कोर. चंद्रासारखी. तेव्हाच मला कळलं होतं काय झालं ते. टेबल परतताना क्षणभर थबकतं, तेवढ्यात दगड तिथं थोडं जास्त खातो. दर खेपेला तीच जागा, दोन्ही अर्ध्यांचा शेवट तिथंच. माझ्या मशिनीनं केसाचाही फरक न करता पायवाट पाडली होती.

‘‘नई मशीन, नई मशीन करून मिरवत होता,’’ सलीमभाई म्हणाला. ‘‘हेच का ते?’’

चार माणसं माझ्याकडं पाहत होती. मशीन होऊन सहा महिने झाले नव्हते. मी म्हणालो, ‘‘ह्या मशिनीच्या नाहीत, सलीमभाई. हातच्या हायेत. माह्या वहिनीनं घासल्या.’’

सात सीझन उलटल्यावर पहिल्यांदा मी त्यांचा उल्लेख कोणापुढं केला तो असा.

सलीमभाईनं फूटपट्टी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाला, ‘‘औरत के हात में दिया? जिनिंगचं काम? अबे, लाज वाटू दे.’’ मागचा एक फिटर फिस्सकन हसला.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तो पुन्हा सुरू झाला, तसाच, एकसारखा. त्या दिवशी जेवायला बसलो तर भाकरी नेहमीसारखीच होती, पातळ, गोल, पापुद्रा सुटलेली. वहिनींनी वाढताना विचारलं, ‘‘अजून देऊ?’’ एवढंच. मशिनीच्या शेडमध्ये त्यांचं पाऊल पुन्हा पडलं नाही. संक्रांत झाली आणि त्या ढाणकीला आपल्या भावाकडं गेल्या. लोकांना वाटलं, विधवा बाई, मूलबाळ नाही, माहेरी गेली. मीही तसंच सांगितलं.

त्यानंतर मी मशीन दुरुस्त केली. ठोकळ्याच्या जागी एक चकती बसवली, तिला मुद्दाम असमान दाते पाडले. दर खेपेला चकती एक घर पुढं सरकते, टेबल कधी बोटभर अलीकडं परततं, कधी बोटभर पलीकडं. सांधा नाहीसा झाला. सलीमभाईनं पट्टी आभाळाकडं धरली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नागपूरहून लोक ती चकती पाहायला आले. एकानं विचारलं, ही आयडिया सुचली कशी? मी म्हणालो, अनुभव.

चूक होऊन गेली की माणूस म्हणतो, परिस्थिती तशी होती. वर्षंच वाईट होती, सगळेच घाबरलेले होते. मीही मनाशी हेच घोळवत आलो. पण कापसाच्या भावानं माझ्या तोंडात ते वाक्य घातलं नव्हतं. खरं बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? एक सीझन, फार तर. त्या एका सीझनसाठी मी दुसऱ्याचं सगळंच देऊन टाकलं.

सत्काराचं बोलावणं आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सलीमभाईकडं गेलो. आता तो काठी घेऊन चालतो, दाढी पांढरी झाली आहे. त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं म्हणेल, जाऊ दे, जुनी गोष्ट. तो काठी आपटून उठला.

‘‘जुनी गोष्ट? बीस साल मी हर जिनिंगमध्ये सांगत फिरलो, औरत के हात का काम मत लेना, मिस्त्रीच्या घरी काय झालं पाहा. तू एकदा बोलला बे. मी हजारदा बोललो.’’ आणि चपला शोधत म्हणाला, ‘‘चल. ढाणकीले चल.’’

आम्ही एसटीनं उमरखेडला गेलो, तिथून ढाणकी. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया ओट्या बांधून वेचत होत्या.

वहिनी भावाच्या ओसरीत शिलाई मशीन घेऊन बसल्या होत्या. केस पिकलेले, चष्मा, हात तेच. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मी बसलो नाही. म्हणालो, ‘‘वहिनी, त्या पट्ट्या मशिनीच्या होत्या. तुमचं नाव मी खोटं घेतलं.’’

त्यांनी दातानं दोरा तोडला. ‘‘मले ठाऊक हाये नं. घासल्याच नव्हत्या तं खराब कशा करन?’’

मग माझ्याकडं न पाहता सलीमभाईला विचारलं, ‘‘भाऊ, त्याच्या आंधीच्या पट्ट्या कशा होत्या?’’

सलीमभाईचा आवाज एकदम उतरला. ‘‘आंधीच्या? बाई, काय सांगू तुमाले. दिवसभर कापूस चालला तरी सरकी अशी निघे, जशी कोणी हातानं सोलली. मी जिंदगीत तशी पट्टी पुन्हा नाही पाहिली.’’

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या. चष्मा काढून पदरानं पुसला. ‘‘मले कोणी सांगतलं नव्हतं.’’

थोड्या वेळानं मी म्हणालो, ‘‘मुहूर्ताले या, वहिनी. ती शाल तुमची हाये.’’

‘‘मी कायले येऊ, भाऊजी? मी कोणाले काही बोलली नाही. तुमी बोलले. जिथं बोलले तिथं बोला.’’ आणि चहा ठेवायला आत गेल्या.

काल मुहूर्त झाला. वजनकाट्याची पूजा झाली, नारळ फुटला, पहिल्या गाडीच्या बैलांना हळदकुंकू लागलं. मॅनेजरनं माझं नाव पुकारलं, शाल उलगडली. मी तिची घडी पुन्हा घातली आणि सगळं सांगितलं. न अडखळता, पहिल्या चहापासून भाकरीच्या आवाजापर्यंत. सलीमभाई पुढच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. बाकीचे नवे. त्यांनी ना दादाला पाहिलेलं, ना त्या पट्ट्या. काहींना वाटलं, म्हातारा भावुक झाला. एक-दोघं घड्याळ पाहत होते. वीस वर्षं ज्या माणसांची भीती बाळगली त्यांतलं जवळपास कोणीच तिथं उरलं नव्हतं.

मुहूर्ताची वेळ झाली म्हणून मशिनी सुरू केल्या. सगळ्या रांगा एकदम. माणसं पांगायला लागली. तेवढ्यात एक तरणा फिटर जवळ आला, हातात पाना, अंगावर रुईचा भुरा. म्हणाला, ‘‘काका, वहिनी तं तुमच्या. आम्हाले नाव सांगा नं त्यायचं.’’

मी सांगितलं. आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानामागं हात धरला.

‘‘पंचफुला,’’ मी पुन्हा सांगितलं, मशिनींच्या वर, जेवढा गळा होता तेवढ्यानं. आवारातली माणसं वळून पाहू लागली, तरी मी आवाज खाली आणला नाही.